मडकं शेणातच का भाजायचं? (न्यू मेक्सिकोतली प्वेब्लो भांडी)

वाळवंटी | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, मातीकाम हा माझा गेल्या दोन वर्षांतला नवा नाद. अल्बुकर्कीतल्या एका स्टुडिओत शनिवारी चाकावर बसते, विकतची माती वापरते, इलेक्ट्रिक भट्टीत भाजायला देते आणि पुढच्या आठवड्यात मग घरी घेऊन येते. तेवढ्यावर स्वतःला कुंभार समजायला लागले होते. ऑगस्टात सांता फेच्या इंडियन मार्केटला गेले आणि ते भूत उतरलं.

हा बाजार १९२२ पासून भरतो. शहराच्या जुन्या चौकात आणि भोवतालच्या गल्ल्यांत मूलनिवासी कारागीर आपापली टेबलं मांडून बसतात. सांता क्लारा प्वेब्लोच्या (प्वेब्लो म्हणजे इथल्या मूलनिवासींचं जुनं गाव, आणि तिथले लोकही) एका आजींच्या टेबलावर मोठ्या पेरूएवढं काळं भांडं होतं. काळं म्हणजे असं काळं की त्यात मला माझा चष्मा दिसला. ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, असणार असं वाटलं. आजी म्हणाल्या, ग्लेझ नाही, दगड. पदरच्या पिशवीतून त्यांनी सुपारीपेक्षा थोडा मोठा, गुळगुळीत झालेला गोटा काढून दाखवला. तो त्यांच्या आजीचा. भांड्यावर बारीक मातीचा लेप द्यायचा आणि लेप ओलसर आहे तोवर या गोट्यानं घोटत राहायचं. मध्ये उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही. लेप वाळला की खेळ संपला, पुसून पहिल्यापासून सुरुवात.

मग मी तिथंच ठाण मांडलं. (गिऱ्हाईक आलं की बाजूला सरकायचे, गेलं की परत.) जे कळलं ते सांगते.

माती विकत आणत नाहीत. घराण्याला ठाऊक असलेल्या जागेवरून खणून आणतात. खणण्याआधी मक्याचं पीठ वाहून प्रार्थना करतात, कारण माती ही त्यांच्या लेखी आई आहे आणि मागितल्याशिवाय घ्यायची नसते. ती माती वाळवायची, भिजवायची, गाळायची, आणि तिच्यात ज्वालामुखीची राख मिसळायची. जवळच जेमेझचा डोंगर आहे, त्याच्या बारा ते सोळा लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटांची राख या सगळ्या पठारावर पसरली आहे. चाक नाही. कोलंबस येण्याआधी अमेरिका खंडात कुंभाराचं चाक नव्हतंच, आणि नंतर आलं तेव्हा यांनी घेतलं नाही. 'पुकी' नावाच्या उथळ परळात बूड थापायचं, त्यावर मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या आणि वाळक्या भोपळ्याच्या सालीच्या तुकड्यानं आतून बाहेरून खरवडत आकार काढायचा.

आणि भाजणं. अंगणात. जमिनीवर पत्र्याचे डबे, त्यावर लोखंडी जाळी, जाळीवर भांडी पालथी. भोवती पत्रे, खाली सीडरची लाकडं, चारी बाजूंनी शेणाच्या वाळक्या खापा. आग पूर्ण तापली की घोड्याच्या लिदीचा भुगा टोपल्या भरभरून त्यावर ओतायचा. ज्वाळा विझतात, दाट धूर कोंडतो, आणि आतलं तांबडं भांडं काळं होतं. ओतलीच नाही लीद, तर तेच भांडं तांबडं निघतं. माती तीच, लेप तोच, फक्त शेवटचा अर्धा-पाऊण तास वेगळा!

या अंगणातल्या आगीत महिनाभराचं काम एका झुळकीत जातं. वारा फिरला, लाकूड दमट असलं, भांड्यात ओल राहिली, की फट्. मी आजींना विचारलं, यात किती जातात? त्या हसल्या आणि म्हणाल्या, ते नाही मोजायचं.

तर माझा प्रश्न. घरात वीज आहे, भट्टी विकत मिळते. आजही हे लोक शेणातच का भाजतात? नुसती परंपरा, की आणखी काही? इथं कुंभारकाम जाणणारे, रसायनं जाणणारे, इतिहासवाले सगळे आहेत, म्हणून विचारते.

उगाच | रात्री ९.५२

फोटू? फोटूविना धागा म्हणजे मिठाविना पिठलं.

वाळवंटी | रात्री १०.०५

@उगाच, काढला नाही. विचारायलाच सुचलं नाही, आणि न विचारता काढणं बरं दिसत नव्हतं. प्वेब्लो गावांत तर कॅमेऱ्याचे नियम कडक आहेत. ॲकोमाला त्याची वेगळी परवानगी काढावी लागते, नाचाच्या दिवशी बहुतेक गावांत फोटो सक्त मना.

खडूसकाका | रात्री १०.३१

पेरूएवढ्या भांड्याची किंमत काय होती ते तुम्ही शिताफीनं टाळलंत. हलके घ्या (ह. घ्या.). पण खरं सांगा.

वाळवंटी | रात्री १०.३८

साडेचारशे डॉलर. घेतलं नाही. म्हणजे त्या दिवशी घेतलं नाही.

खडूसकाका | रात्री १०.४४

साडेचारशे! आणि त्यात पाणी राहतं का?

वाळवंटी | रात्री १०.५०

नाही. झिरपतं, आणि चकाकीही जाते. आजींनी बजावलं होतं, ओल्या फडक्यानंसुद्धा पुसायचं नाही.

खडूसकाका | रात्री १०.५३

म्हणजे पाणी न राहणारं मडकं, साडेचारशेला. मी झोपतो.

सिलिका | रविवार, सकाळी ७.१५

काका उठायच्या आत तांत्रिक बाजू मांडतो. नोकरी सिरॅमिक्समधली आहे, पण उष्णतारोधक विटांची, कलेची नाही.

काळं होणं दोन गोष्टींनी. लेपातल्या लोहाचा तांबडा ऑक्साइड प्राणवायू तुटला की काळ्या ऑक्साइडकडे जातो, आणि धुरातला कार्बन सच्छिद्र मातीत मुरतो. लीद भुगा करून ओततात त्याचं कारण हेच. ढेपा टाकल्या तर फटी राहतील, हवा आत जाईल आणि भांड्यावर तांबडे-करडे डाग पडतील. भुगा गोधडीसारखा बसतो.

आता भट्टीचा प्रश्न. या भांड्यांचं भाजणं साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. तुमचे मग हजार अंशांच्या वर जातात. तुम्ही म्हणाल, मग यांनी जास्त का तापवू नये, भांडं पक्कं होईल, काकांचं पाणी राहील. अडचण अशी की ती आरशासारखी चकाकी म्हणजे ग्लेझ नव्हे. मातीचे अतिसूक्ष्म चपटे कण दगडाच्या दाबानं एका पातळीत आडवे झोपवलेले असतात, म्हणून प्रकाश परततो. आच फार चढली की ते कण आकसतात, त्यांची रचना मोडते आणि चकाकी मरते. म्हणजे पाणी धरणारं भांडं हवं की आरसा हवा, यातलं एकच मिळतं. त्यांनी आरसा निवडलाय.

दुसरं, साध्या इलेक्ट्रिक भट्टीत धूर कोंडला तर तिच्या तारा लवकर खराब होतात. थोडक्यात, या काळ्या भांड्यांपुरतं बोलायचं तर शेण ही हौस नाही. हे काम त्याच आगीत जमतं.

आणि ती राख नुसती भर नव्हे. शुद्ध चिकणमाती भराभर तापवली तर फुटणारच. राखेमुळं अंगात बारीक मोकळ्या जागा राहतात, वाफेला वाट मिळते, चीर गेली तरी पुढं धावत नाही. विटांमध्ये आम्ही हेच करतो, फक्त बिलं मोठी लावतो.

आवेकर | सकाळी ८.०२

धागा वाचून रात्री झोप आली नाय. आमचं घराणं कुंभाराचं, संगमनेर तालुक्यातलं. मी स्वतः बँकेत आहे, पण आज्याच्या हाताखाली आवा रचलाय, त्यामुळं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

ताई, तुम्ही लिहिलंय तो आमचाच आवा आहे. खाली गवऱ्या, मडकी पालथी, वर पाचट, त्यावर राख नि चिखलाचा लेप. फरक एवढाच की आमचा आवा रात्रभर धुमसतो, शे-दीडशे नग एका वेळी, आणि ते लोक दोन-चार भांडी घेऊन दोन-तीन तासांत मोकळे होतात. आज्या सांगायचा, आवा लावल्यावर आभाळाकडं बघू नको, बघितलं की येतो पाऊस. आता हसू येतं, पण तेव्हा आम्ही पोरं खरंच माना खाली घालून बसायचो.

काळी सुगडं करायची तर शेवटी आव्याची सगळी तोंडं ओल्या चिखलानं बुजवायची. धूर आत कोंडला पाहिजे. संक्रांतीच्या बाजारात आता जी काळी सुगडं मिळतात त्यातली बरीचशी रंग फासलेली असतात, बोट फिरवलं की बोट काळं. ती वेगळी.

फुटण्याबद्दल एक. ओल्या मडक्याला आग लावली तर दोष आगीचा नसतो. आमच्यात आव्याआधी मडकी दिवसभर उन्हात फिरवून फिरवून तापवायची. तुमच्या आजी काय करतात विचाराल का?

वाळवंटी | सकाळी ८.४०

@आवेकर, विचारलं होतं, लिहायचं राहिलं! स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मंद आचेवर भांडी गरम करून घेतात, मग गरम गरमच अंगणात नेतात. मला त्यात काहीतरी खटकलं होतं तेव्हा. परंपरा परंपरा म्हणता आणि ओव्हन? आता तुमचं ऊन वाचून वाटतंय की खटकायला नको होतं.

@सिलिका, "फक्त बिलं मोठी लावतो" 😀

इतिहासजमा | सकाळी ११.२०

परंपरा या शब्दावरून थोडं लांबण लावतो, कारण या विषयात तो शब्द फार घसरडा आहे.

काळ्यावर काळं ही जी जगप्रसिद्ध शैली, म्हणजे चकचकीत काळ्या अंगावर निस्तेज काळी नक्षी, ती सान इल्डेफॉन्सो प्वेब्लोच्या मारिया आणि हुलियान मार्तीनेझ या जोडप्याची. साल १९१९ च्या आसपासचं. शंभर वर्षं म्हणजे आपल्याकडच्या मिसळीच्या एखाद्या दुकानाएवढं वय. पण सगळे तिला प्राचीन समजतात. वाळवंटीताई, तुम्ही तसं म्हटलं नाहीत, पण पुढे कुणीतरी म्हणेलच म्हणून आधीच सांगून ठेवतो, मारियानं काळं भांडं शोधलं हेही खरं नाही. नुसती घोटलेली काळी भांडी सांता क्लारात आधीपासून होत होती. या दोघांचं नवेपण नक्षीत आहे. मारिया भांडं घडवून घोटायची, हुलियान त्यावर पातळ मातीनं चित्र काढायचा. घोटलेला भाग चमकतो, वरून रंगवलेला चमकत नाही, म्हणून काळ्यावर काळं दिसतं.

यामागे एक उत्खनन आहे. एडगर ह्यूएट या पुरातत्त्वज्ञानं १९०७ नंतर पहारितो पठारावर खणायला सुरुवात केली. हुलियान तिथं कामाला होता. सापडलेल्या खापरांवरून पूर्ण भांडी घडवून दाखवायला ह्यूएटनं मारियाला सांगितलं. पुढं काही वर्षं हे जोडपं सांता फेच्या संग्रहालयातच राहत होतं. हुलियान तिथं झाडलोट करायचा आणि मारिया पाहुण्यांसमोर भांडी घडवायची. झाडू मारता मारता कपाटातली जुनी नक्षी हुलियान वहीत उतरवून घ्यायचा असं सांगतात.

आणि शेण! आमच्या वाळवंटीताईंचा शीर्षकातला प्रश्न. घोडा, गाय, मेंढी हे तिन्ही प्राणी तिकडं स्पॅनिश लोकांनी आणले. त्याआधी शेण कुठलं? ॲरिझोनातल्या होपी लोकांच्या पठारांवर तर १४व्या शतकात दगडी कोळशावर भांडी भाजत होते, तिथं कोळसा जमिनीतच मिळतो. मेंढ्या आल्यावर लेंड्यांवर आले. तेव्हा 'शेणात भाजणं' हीसुद्धा कधीतरी नवीच गोष्ट होती.

अवांतर: आवेकर, तुम्ही संगमनेरचे म्हणून सांगतो. तुमच्या शेजारच्या जोर्वे गावावरून ज्या भांड्यांना नाव पडलं ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची चाकावरची तांबडी भांडी इतकी पक्की भाजलेली आहेत की टिचकी मारली की धातूसारखी वाजतात. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं खणलं तेव्हा कुंभाराची मोठी गोल भट्टीही मिळाली.

आवेकर | सकाळी ११.३५

जोर्व्याची खापरं आम्ही लहानपणी नदीत भाकऱ्या मारायला वापरलीत. आता सांगू नका कुणाला.

इतिहासजमा | सकाळी ११.४१

ऐकलं नाही असं समजतो.

उगाच | दुपारी १२.०३

टिचकीवरून आठवलं. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटी घेऊन सगळ्या संतांची डोकी तपासली होती. नामदेव कच्चे निघाले.

वाळवंटी | दुपारी १२.१०

अगदी तेच आठवलं होतं मला तिथं! आजी म्हणाल्या, मार टिचकी. तडा असेल तर भद्द वाजतं, नसेल तर स्वच्छ. जुनी भांडी घेणारे लोक अशीच बोटानं वाजवून बघतात म्हणे.

मोगरा | दुपारी १.४५

फिनिक्सहून. होपींचा उल्लेख आला म्हणून लिहिते, नाहीतर मी नुसती वाचकच.

होपींमधलं मोठं नाव नांपेयो. पहिल्या मेसावरच्या (मेसा म्हणजे सपाट माथ्याचं पठार) हानो गावची, होपी-टेवा, म्हणजे होपींमध्ये येऊन वसलेल्या टेवा लोकांतली. १८९५ साली सिक्यात्की या ओसाड गावाचं उत्खनन झालं, तिथल्या पिवळसर भांड्यांवरची पक्ष्यांची, पंखांची नक्षी तिनं अभ्यासली आणि त्यातून स्वतःचं काम उभं केलं. नवरा लेसू तिला जुनी खापरं आणून द्यायचा. (हे उत्खननाच्या आधीपासूनच चालू होतं असंही काही अभ्यासक म्हणतात.) उतारवयात तिची नजर गेली. तरी ती भांडी घडवत राहिली, नुसत्या बोटांनी. रंगवायचं काम घरची माणसं करायची. १९४२ मध्ये ती गेली. पणती डेक्स्ट्रा क्वोत्स्कुयवा हिचं काम मी एका संग्रहालयात पाहिलंय. एका भांड्याभोवती तीन चकरा मारल्या, नक्षी कुठं सुरू होते ते सापडेना.

एक सांगते, काळं भांडं म्हणजेच प्वेब्लो भांडं असा समज या धाग्यावर होतोय. ते फक्त उत्तरेकडच्या दोन-तीन गावांचं. न्यू मेक्सिकोत १९ प्वेब्लो आहेत, ॲरिझोनातले होपी वेगळे. ॲकोमाची भांडी पांढरी, अंड्याच्या कवचासारखी पातळ, त्यावर युक्का या वाळवंटी झुडपाच्या पानाचं टोक चावून केलेल्या कुंचल्यानं केसाएवढ्या रेघा. ल्यूसी लुईसच्या रेघा बघून माझे डोळे फिरले होते. ॲकोमाच्या मातीत राख नाही मिसळत, जुन्या फुटक्या भांड्यांची पूड मिसळतात. झियाला काळा बेसॉल्ट कुटून घालतात. नांबे, ताओस, पिकुरिस इकडं अभ्रकाची माती, आपोआप चमकते, आणि काका, त्यात चक्क घेवडा शिजतो. चुलीवर ठेवायची भांडी आहेत ती.

खडूसकाका | दुपारी २.१०

हां. आता बोललात. अभ्रकवाल्याचं नाव सांगा.

मोगरा | दुपारी २.२२

नांबेचे लॉनी व्हिहिल. वॉशिंग्टनमधली नोकरी सोडून गावी परतले आणि अभ्रकाची भांडी करायला लागले. आधी ती भांडी नुसती स्वयंपाकाची म्हणून हलकी धरली जायची. २००१ साली त्यांच्याच भांड्याला इंडियन मार्केटमध्ये सर्वोत्कृष्ट ठरवलं. आता त्यात तुम्ही घेवडा शिजवाल असं वाटत नाही.

खडूसकाका | दुपारी २.२५

😐

सिलिका | दुपारी ३.००

फुटक्या भांड्यांची पूड ही फार हुशारीची गोष्ट आहे. एकदा भाजलेली माती पुन्हा आकसत नाही, आणि नव्या मातीशी तिचं प्रसरण जुळतं. याहून चांगली भर शोधून सापडणार नाही.

वाळवंटी | दुपारी ३.१५

मला त्यात हुशारीपेक्षा दुसरंच दिसलं. पणजीचं फुटलेलं भांडं पणतीच्या भांड्यात जातं. आजी म्हणाल्या होत्या की आगीत फुटलेलं काही टाकून देत नाहीत. तेव्हा मला वाटलं काटकसर.

बरं, आता माझा कबुलीजबाब. परवा मी करून बघितलं. मैत्रिणीच्या शेतावर, गावाबाहेर, आग लावायला परवानगी होती. स्टुडिओची माती, त्यावर लेप, नदीतला गोटा. तीन वाट्या केल्या होत्या. सीडर होतं, गवऱ्या होत्या, शेजारच्या तबेल्यातली लीद उन्हात वाळवून चाळून घेतली होती. वीस मिनिटांत पहिली फट्. पाच मिनिटांनी दुसरी, तिचा तुकडा माझ्या बुटावर. तिसरी वाचली. काळी झाली, पण अंगावर दोन तांबडे डाग.

त्या तिसरीवर मी मारियाच्या भांड्यावरचा अवान्यू रंगवला होता. शिंगवाला जलसर्प, विजेसारखी जीभ असलेला. तिचं काय करू? टेबलावर ठेवलीय, आणि का कोण जाणे, बघितलं की ओशाळल्यासारखं होतं.

आवेकर | दुपारी ३.४०

तीनातली एक, पहिल्या आव्याला! आमच्या आज्यानं शाबासकी दिली असती. लीद ओतायला उशीर झाला, हवा शिरली, म्हणून डाग. पुढच्या वेळी दोघी जणी दोन बाजूंनी ओता.

मोगरा | दुपारी ४.०५

वाळवंटी, राग मानू नकोस. ओशाळल्यासारखं होतंय ते बरोबरच होतंय असं मला वाटतं. अवान्यू त्यांच्याकडं पाण्याचा, पावसाचा, नदीचा जीव आहे. तू ती वाटी विकणार नाहीस हे माहीत आहे, तरी.

उगाच | दुपारी ४.१२

मग आपण वारली चित्रं मगांवर छापतो ते चालतं का? प्रामाणिक शंका.

इतिहासजमा | दुपारी ४.५०

चालतं की नाही हे वारल्यांना विचारलं का, हाच मुद्दा आहे.

न्यू मेक्सिकोच्या राज्य झेंड्यावरचं ते लाल सूर्यचिन्ह सगळ्यांनी पाहिलं असेल. ते झिया प्वेब्लोच्या एका भांड्यावरचं. १९२५ साली झेंड्यावर घेतलं. झियाच्या लोकांना विचारलं नव्हतं. आज ते टीशर्टांवर, ट्रकांवर, पाट्यांवर सगळीकडं आहे, आणि त्यांच्यासाठी ते धार्मिक चिन्ह आहे. त्यांनी पुढं राज्याकडं हा विषय नेलाही.

सहीचंही तसंच. प्वेब्लोत भांड्यावर सही करायची रीत नव्हती. गोऱ्या गिऱ्हाइकांना नाव हवं म्हणून मारियानं सही सुरू केली, आणि तीही आधी 'मारी' अशी, कारण ते त्यांच्या कानाला ओळखीचं. तिच्या सहीला दाम चढू लागले तेव्हा शेजारणींच्या भांड्यांवरही ती आपली सही करून द्यायची असं सांगतात. संग्राहक हैराण झाले. मला ती गोष्ट फार आवडते.

खडूसकाका | संध्याकाळी ५.३०

सहीची गोष्ट मलाही आवडली. पण मूळ प्रश्नावर या. इतिहासजमा म्हणतात शैली शंभर वर्षांची, शेण स्पॅनिश, ओव्हन अमेरिकन, पत्रे भंगारातले. मग पारंपरिक म्हणून उरलं काय? आणि साडेचारशे कशाचे?

मोगरा | संध्याकाळी ६.२०

काका, हा प्रश्न ते लोकही एकमेकांना विचारतात. ॲकोमात आज बरेच जण भट्टीत भाजतात. पांढऱ्या पातळ भांड्याला उघड्या आगीत धुराचा एक डाग पडला तरी संपलं, म्हणून. काही जण साच्यातली विकतची भांडी आणून नुसती रंगवतात. विकणारा प्रामाणिक असेल तर सांगतो आणि किंमतही तशी असते. त्यामुळं घेताना तीन गोष्टी विचारायच्या: माती कुठली, हातानं घडवलंय का, आणि भाजलं कुठं. चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट खुलतो.

आणि सगळे जुनीच नक्षी काढत बसलेत असं नाही. कोचितीचे व्हर्जिल ओर्तीझ गावची माती आणि रानभाजी उकळून केलेला काळा रंग वापरतात, आणि घडवतात काय, तर स्पॅनिशांविरुद्धच्या १६८० च्या प्वेब्लो उठावाची कथा २१८० सालात नेऊन ठेवलेली अंतराळातली पात्रं. कोचितीच्याच हेलन कोर्देरो यांनी १९६४ मध्ये अंगाखांद्यावर पोरं घेऊन गोष्ट सांगणारा आजोबा केला, तो त्यांचा स्वतःचा आजोबा. आज तशी बाहुली प्रत्येक दुकानात दिसते. सांता क्लाराच्या रोझ सिम्पसननं तर १९८५ ची एक शेवरोले गाडी काळ्यावर काळ्या नक्षीनं रंगवली आणि तिचं नाव ठेवलं मारिया.

उगाच | संध्याकाळी ६.२४

गाडी! तिला लीद लागली नसेल.

आवेकर | रात्री ८.१५

काकांच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर देतो.

आमच्या गावात कुंभाराची तेरा घरं होती. माती तळ्याची. तळ्याचं काय झालं ते सोडा, आता तिथं माती उचलता येत नाही. मग माती ट्रॅक्टरनं बाहेरून, तिचा गुण वेगळा, मडकी तडकायला लागली. चुलत्यानं चाकाला मोटर बसवली, कुणी काही बोललं नाही. गवऱ्या महागल्या म्हणून लाकडाचा भुसा वापरला, तेव्हाही नाही. पण तळ्याची माती गेली त्या वर्षी तो म्हणाला, आता हे आपलं काम नाय राहिलं, नुसता धंदा राहिला. दोन वर्षांत बंद केलं.

ताईंच्या आजी ओव्हन वापरतात, पत्रे वापरतात, पण माती त्याच डोंगराची आणतात. मला तरी त्यातच सगळं दिसतं. साडेचारशे जास्त की कमी मला कळत नाही, आमचा माठ दीडशे रुपयांना जायचा आणि लोक त्यातही दहा कमी करा म्हणायचे.

खडूसकाका | रात्री ८.३१

दहा कमी करा म्हणणाऱ्यांत मीही होतो, आवेकर. दरवर्षी.

सिलिका | रात्री ८.४४

मातीबद्दल एक भर. पिकुरिसची अभ्रकाच्या मातीची जागा एका खाणकंपनीच्या ताब्यात गेली होती. प्वेब्लोनं ती लढून परत मिळवली. कच्चा माल म्हणून बघितलं तर अभ्रक कुठंही विकत मिळतं. तरी लढले.

वाळवंटी | सोमवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार, उत्तरं एवढी येतील असं वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी आजींना फोन केला. (कार्ड दिलं होतं.) माझ्या तीन वाट्यांची कथा सांगितली, तर पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज. मग विचारलं, माती कुठली? म्हटलं, दुकानातली, पिशवीतली. म्हणाल्या, मग तिला राख हवी होती, आग हळू हवी होती, ती माती घाबरली. अवान्यूचं सांगितलं. त्यावर जरा शांत. मग म्हणाल्या, तुमच्या गावाला नदी आहे का? म्हटलं, आहे, कृष्णा. मग तिचं काही काढ की.

मी वाईची. घाटावर वाढले. आणि कृष्णेचं काय काढायचं ते मला चोवीस तास झाले सुचत नाहीये.

वाटी फोडून कुटून ठेवलीय. पुढच्या मातीत मिसळेन. @आवेकर, पूड किती बारीक हवी? रव्याएवढी की मैद्याएवढी?

आवेकर | रात्री ९.२२

आम्ही खापराची पूड कधी घातली नाही, आमच्यात राख नि लीद. पण अंदाजानं बारीक रव्याएवढी. मैदा केलीत तर घातल्या न घातल्यासारखीच.

सिलिका | रात्री ९.३०

रवा बरोबर. चाळून घ्या, आणि मातीच्या पाचव्या हिश्शापासून सुरुवात करा.

खडूसकाका | रात्री ९.४८

त्या पेरूचं पुढं काय झालं? "त्या दिवशी घेतलं नाही" असं लिहिलं होतंत.

वाळवंटी | रात्री ९.५५

पुढच्या शनिवारी आणायला जातेय. नवऱ्याला अजून किंमत सांगितलेली नाही. तो हा धागा वाचत नाही, अशी आशा आहे.

उगाच | रात्री ९.५६

वाचतोय.

उगाच | रात्री ९.५७

ह. घ्या, मी नव्हे तो.